आमच्याच काउंटीतला गहू

आज दुपारी इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनमध्येच एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "अहो, वॉशिंग्टन काय तुमच्या स्वयंपाकघरात येतंय का? केंद्र सरकारच्या अधिकारांच्या मर्यादा वगैरे सगळं वकिलांची पोटं भरायला." पाहुणा होतो, गप्प बसलो. पण तेव्हापासून डोकं भणभणतंय.

येतं! आणि याच मॉन्टगोमेरी काउंटीत आलं होतं. रॉस्को फिलबर्न, गाई-कोंबड्या पाळणारा शेतकरी. केंद्राच्या कायद्याने गव्हासाठी ११.१ एकरांचीच परवानगी होती, त्याने २३ एकर पेरला. जादा निघाला २३९ बुशेल (बुशेल म्हणजे तिकडचं धान्याचं माप). त्याचं म्हणणं, हा माझ्या घरचा: जनावरांना दाणा, घरात पीठ, पुढच्या पेरणीला बी. तरी दंड झाला, ११७ डॉलर ११ सेंट. आणि १९४२ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, बरोबर आहे. का? तर घरचा खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस. सगळेच असं करू लागले तर राज्याराज्यांतल्या व्यापारावर परिणाम होणार, आणि त्या व्यापाराचं नियमन केंद्राकडे.

हे वाचलं की मला आजी दिसते. मंगळवेढ्याकडचं गाव, मी दुसरीत असेन. ज्वारीची लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायचं धान्य, वसूल करायला माणसं आली होती. एकाने कणगीत काठी खुपसून अंदाज घेतला. आजी दारात पदर खोचून उभी. "माझ्या लेकरांच्या तोंडातली भाकर मोजताय व्हय?" एवढंच म्हणाली. हो, ती लेव्ही राज्य सरकारची होती, दिल्लीची नव्हती. काठी तीच.

अमेरिकेच्या घटनेत केंद्राचे अधिकार मोजून दिलेत. जे दिले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्वच्छ लिहिलंय. लिहिलंय ना? मग "व्यापार" या एका शब्दाच्या पोटात सगळं कोंबायचं कशाला! १९९५ मध्ये शाळेजवळ बंदूक बाळगायला बंदी करणाऱ्या केंद्राच्या कायद्याचा खटला आला, तेव्हा कुठे कोर्ट म्हणालं की हा व्यापार नव्हे. बंदुका शाळेजवळ नकोतच, मलाही नातवंडं आहेत. पण तो कायदा करायला राज्यं आहेत की. आणि दहा वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या आजारी बाईने औषध म्हणून घरी गांजा लावला, तर पुन्हा त्याच फिलबर्नच्या गव्हाचा दाखला देऊन तिच्याविरुद्ध निकाल!

१९६४ मध्ये कृष्णवर्णीयांना दार बंद करणाऱ्या हॉटेलांना याच व्यापाराच्या कलमाने वठणीवर आणलं, हे मान्य. ते व्हायलाच हवं होतं.

स्नेह्यांवर राग नाही. चांगली माणसं आहेत, निघताना वहिनींनी डबा भरून दिला. पण ज्याच्या दारात कधी कुणी काठी घेऊन आलं नाही, त्याला मर्यादा म्हणजे पुस्तकातली गोष्ट वाटते. मला कणगीत काठी शिरल्याचा तो खसखस आवाज अजून ऐकू येतो.

त्या दिवशी माणसं गेल्यावर आजी गोठ्यामागे गेली, कडब्याच्या गंजीतल्या चार पेंढ्या बाजूला केल्या आणि मला म्हणाली, "कुणाला सांगू नगं." आत दोन पोती होती.