मत न देऊन निषेध पोचतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, खाली दोन ओळींत उत्तर द्यायला घेतलं आणि ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जानेवारीत महापालिकेला मी आयुष्यात पहिल्यांदा मतदान केलं, का केलं ते लिहिलं, त्यावर यांचं म्हणणं असं की मतदान न करणं हाच खरा निषेध होता, उमेदवार सगळे एकाच माळेचे मणी, आपण बटण दाबलं की या सगळ्या प्रकाराला आपली मान्यता मिळते, शिवाय एका मताने काडीचा फरक पडत नाही. आणि शेवटी, "इतकी वर्षं तत्त्वाने बाहेर राहिलात, आता तुम्हीही रांगेत."

रांगेत उभी होते, हो. आणि तुमच्या मुद्द्यांपैकी निम्मे मी स्वतः अनेक वर्षं लोकांना ऐकवलेत, त्यामुळे ते कुठून येतात ते मला चांगलं माहितीये. उमेदवारांबद्दलचा राग अजूनही तेवढाच आहे, तो कमी झाला म्हणून मी मत दिलं असं नाहीये.

पहिला मुद्दा निषेधाचा. निषेध म्हटला की तो कुणाला तरी कळायला हवा ना. मी मतदानाच्या दिवशी घरी बसले तर त्याची नोंद कशी होते? मतदार यादीत माझ्या नावाच्या पुढेमागे कोण असतं बघा, वारलेली माणसं ज्यांची नावं कुणी कमी केलेली नाहीत, लग्न होऊन किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेल्या मुली-मुलं, अंथरुणाला खिळलेले आजोबा, सुट्टी जोडून फिरायला गेलेलं कुटुंब, आणि त्यांच्यात मी, तत्त्वाने न गेलेली. संध्याकाळी मशीन बंद झालं की या सगळ्यांचा मिळून एकच आकडा होतो, न झालेलं मतदान. माझा राग आणि शेजारच्या बंद फ्लॅटचं कुलूप, दोन्हीची नोंद एकच. मला जे सांगायचं होतं ते त्या आकड्यात कुठेच नाहीये आणि ते शोधायला कुणी बसतही नाही.

तुम्ही म्हणाल एकटीने नाही, लाखोंनी बाहेर राहायला हवं, मग हादरा बसेल. पण आपल्याकडे निवडणूक वैध ठरायला किमान इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. एप्रिल 2017 मध्ये श्रीनगर लोकसभेची पोटनिवडणूक झाली, बहिष्कार होता, हिंसाचारात माणसं गेली, मतदान झालं साधारण 7 टक्के. तरीही मतमोजणी झाली, निकाल लागला आणि फारूक अब्दुल्ला खासदार झाले. तिथली परिस्थिती आपल्यापेक्षा फार वेगळी होती, तिथल्या लोकांच्या दुःखाची तुलना मला आपल्या शहरातल्या तक्रारींशी करायची नाही. पण कायदेशीर बाजू एवढी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, शंभरातले त्र्याण्णव बाहेर राहिले तरी जागा भरली जाते. तुमच्या माझ्या भागात चाळीस-पन्नास टक्के लोक घरी बसतात त्याने कुणाची शपथ अडायची?

उलट जे घडतं ते तुम्हाला सांगते, कारण या वेळी मी ते जवळून बघितलं. आत खोलीत पहिल्या टेबलावरचा अधिकारी तुमचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. ते मोठ्याने का, तर मागे बाकावर उमेदवारांचे पोलिंग एजंट बसलेले असतात, प्रत्येकाच्या मांडीवर त्याच यादीची प्रत आणि हातात पेन, नाव ऐकलं की ते आपापल्या यादीत खूण करतात. माझं नाव वाचलं तेव्हा तिघांची पेनं एकदम हलली. कुणाला मत दिलं ते गुप्त, पण कोण आलं आणि कोण नाही ते अजिबात गुप्त नाही. लोकसभा-विधानसभेला तर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली हे फॉर्म 20 मध्ये छापून येतं, कोणीही डाऊनलोड करून बघू शकतो. आता तुम्ही पक्षाचे कार्यकर्ते आहात असं धरा, हातात दहा दिवस आणि मोजकी माणसं आहेत, कुठल्या सोसायटीत जाल? जिथून मतदान होतं तिथे की जिथे दरवेळी निम्म्याहून जास्त घरं येतच नाहीत तिथे? म्हणजे आपण ज्याला निषेध समजतो तो समोरच्याच्या वहीत "इथे वेळ घालवायची गरज नाही" असा लिहिला जातो. मला हे पटायला वेळ लागला पण एकदा दिसल्यावर डोळ्याआड करता येईना.

तरी पोस्टमध्ये लिहिलं होतं तेच खरं कारण आहे, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत याचं मला जरा वाईट वाटलं. ते कारण म्हणजे मधली नगरसेवक नसलेली वर्षं. मुंबई-पुण्यासह बऱ्याच महापालिकांची मुदत मार्च 2022 पर्यंत संपली, काहींची तर 2020 लाच. घटनेच्या 243-यू कलमात स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टातल्या तारखा यात सगळं अडकलं, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिले आणि शेवटी 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं. तोपर्यंत कारभार प्रशासकांकडे. म्हणजे आयुक्तांनीच बजेट मांडायचं आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचं, स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, उभं राहून "हा खर्च कशाला" विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नाही. अधिकारी वाईटच असतात असं मी म्हणत नाहीये, काही फार मनापासून काम करतात. पण त्यांची बदली होते, आणि त्यांना आपल्या दारात पुन्हा कधीच यायचं नसतं.

आमच्या गल्लीत शाळेच्या गेटजवळ गटाराचं झाकण तुटलं होतं. ॲपवर तक्रार केली, फोटो टाकला, काही दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे, आणि झाकण तसंच. पुन्हा केली, पुन्हा निराकरण. वॉर्ड ऑफिसला गेले तर हे आमच्याकडे नाही, ड्रेनेजला सांगा, ड्रेनेजवाले म्हणाले रस्ता खात्याचं आहे. शेजारच्या काकूंनी त्या खड्ड्यात झाडाची एक मोठी फांदी उभी करून तिला लाल फडकं बांधलं, पोरांना दिसावं म्हणून. त्या म्हणाल्या, "आधी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता तरी येत होतं गं." तो नगरसेवक काही फार कामाचा होता अशातला भाग नाही, काकूंनाही ते माहिती होतं. पण त्याला पाच वर्षांनी परत त्याच गल्लीत हात जोडून यायचं होतं, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी तो दार उघडायचा.

ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं निरुपयोगी म्हणत होते ती नसल्यावर काय होतं हे त्या काळात बघायला मिळालं. मत द्यायचं नाही हे मी ठरवणं वेगळं आणि मत द्यायची सोयच कुणीतरी काढून घेणं वेगळं. पहिल्यात निदान माझी मर्जी होती.

आता "सगळे सारखेच". आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चार वेळा बटण दाबायचं, प्रत्येक जागेला वेगळी यादी आणि प्रत्येक यादीच्या तळाला नोटा, म्हणजे "यांपैकी कुणीही नको" हे बटण. मी तीन जागांना नावापुढचं बटण दाबलं आणि एका जागेला नोटा, कारण तिथली नावं वाचून, त्यांची शपथपत्रं बघून माझं मन कुणासाठीच होईना. ही शपथपत्रं बघितलीत का कधी? गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात लिहावं लागतं. चाळीस मिनिटं दिली तर एकाच माळेतल्या मण्यांमध्ये बराच फरक दिसतो. एकावर मारहाणीचा गुन्हा आणि दुसरी बाई पंधरा वर्षं बचत गट चालवतेय, यांना सारखं म्हणणं हा त्या बाईवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मान्यतेचं म्हणाल तर मी मत दिलं नाही म्हणून महापालिकेचा एखादा ठराव मला लागू झाला नाही, घरपट्टी आली नाही, असं कधीच झालं नाही. मान्यता न देताही सगळं लागू होतच होतं.

नोटाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो फसवा आहे. बऱ्याच अंशी बरोबर आहे तुमचं. 2024 ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि नोटाला 2 लाख 18 हजारांच्या वर मतं पडली, तरी भाजपचे शंकर लालवानी 11 लाखांहून जास्त मताधिक्याने निवडून आलेच. लोकसभा-विधानसभेला नोटाने निकाल बदलत नाही. तरी बघा, त्या दोन लाखांचा आकडा आज मी तुम्हाला सांगू शकतेय. घरी बसलेल्यांचा असा आकडा आहे का कुठे? 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाआधी एकही उमेदवार नको असेल तर निवडणूक नियमांतल्या 49-ओ या नियमाखाली अधिकाऱ्याला तसं तोंडाने सांगावं लागायचं, सगळ्यांसमोर, रजिस्टरमध्ये शेरा पडायचा. आता निदान ते गुप्त झालंय. यंदा काही ठिकाणी जागा बिनविरोध गेल्या आणि तिथल्या मतदारांना नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही, माझ्या मते याविरुद्ध जास्त ओरडायला हवं.

एका मताचं काय, तर 2017 ला मुंबईच्या 220 नंबरच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना अगदी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून शहांना विजयी ठरवलं. 2008 ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. पण असे प्रसंग अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर मी तुम्हाला पटवणार नाही. माझ्या मताने निकाल बदलणार नाही हे धरूनच मी गेले होते. मला त्या यादीत माझ्या नावापुढे खूण हवी होती.

तुमचा एकच मुद्दा असा आहे ज्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. "ज्याला निवडलंत तो उद्या दुसऱ्या पक्षात गेला तर तुमचं मत कुठे गेलं?" 2022 ला शिवसेना आणि 2023 ला राष्ट्रवादी फुटलेली आपण सगळ्यांनी बघितलंय, एका चिन्हावर दिलेलं मत दुसरीकडेच जाऊन बसलं आणि मतदाराला कुणी विचारलंही नाही. पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, 2003 च्या दुरुस्तीने एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालण्याची पळवाट बंद झाली, दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची राहिली, महापालिकांसाठी राज्याचा 1986 चा वेगळा कायदा आहे, तरी अपात्रतेच्या अर्जावर निर्णय यायला इतका वेळ जातो की मुदत संपत येते. याने माझाही जीव जळतो. मला वाटतं पक्ष सोडणाऱ्याने आधी राजीनामा देऊन पुन्हा त्याच मतदारांसमोर उभं राहावं, आणि अपात्रतेच्या अर्जावर निकाल द्यायला कायद्यातच पक्की मुदत असावी, महिन्यांत मोजलेली. तुम्ही वकिली करता असं तुमच्या प्रोफाईलवर दिसलं, तर हे महापालिकेच्या पातळीवर राज्याला स्वतःच्या कायद्यात करता येईल का, की घटनादुरुस्तीच लागेल, एवढं नक्की लिहा. त्यावर एक सविस्तर पोस्ट करायची माझी तयारी आहे.