एवढासा बोर्ड बघितल्यावर काय बोलावं

ओळखीतल्या कुणी कॉम्प्युटरच्या टीचभर मदरबोर्डवर दहा कोअरचा दांडगा प्रोसेसर बसवला, की मत देणं तुमचं कर्तव्यच आहे. त्याने विचारायची वाट बघू नका. तो विचारणारच नाही आणि तुमचं मत घरी नासून जाईल.

सुरुवात मापापासून करा. १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद. "हा काय अर्धा किलो कुंद्याचा बॉक्स?" एवढं म्हटलंत तरी आमच्या बेळगावात चार माणसं हसतात. मी गल्लीत "नवा बोर्ड आणलाय" म्हणालो, तर कट्ट्यावरून पहिला प्रश्न आला, "कन्नड वर आहे काय खाली?" पेटीच्या आत असतो म्हटलं. "तरी ६० टक्क्यांचं बघ हां!" दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं आमच्याकडे, त्यातलं हे. आता बोला.

मग रॅमकडे बोट दाखवा. हा एएसरॉकचा एक्स२९९ई-आयटीएक्स, २०१७ चा. त्यावर सो-डिमचे चार खण आहेत, म्हणजे लॅपटॉपवाला रॅम बसतो. हे दिसलं की आवाज चढवा : "लाखाचा प्रोसेसर आणि लॅपटॉपचा रॅम? फसवलं तुला!" मी रॅम आणायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मोठ्या कॉम्प्युटरच्या चार लांब पट्ट्या पुढे ठेवल्या. बसणार नाहीत म्हटल्यावर मलाच समजावायला लागला, "सर, डेस्कटॉपला हेच लागतंय." बोर्डाचा फोटो दाखवला तर म्हणे, "डुप्लिकेट असंल." अरे बाबा, त्या प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनेल आहेत, म्हणजे रॅमशी बोलायचे चार रस्ते! चारही चालवायचे तर चार खण हवेत, आणि लांबडे चार खण १७ सेंटिमीटरच्या चौकोनात, प्रोसेसर बसायच्या एवढ्या मोठ्या सॉकेटशेजारी, मावतील कुठे? त्याच कंपनीने २०१५ मध्ये आधीच्या पिढीचा, एक्स९९ चा, असाच छोटा बोर्ड काढला, तेव्हा लांब रॅमचे दोनच खण दिले होते. तेव्हा हेच शहाणे ओरडत होते, "दोनच चॅनेल? अर्धा प्रोसेसर वाया!" चार दिले तर लॅपटॉपचा, लांबडे दिले तर दोनच. यांना रॅम नको असतो, खोट हवी असते.

"गेम चालतंय काय?" हे विसरू नका.

"ग्राफिक कार्डाला एकच स्लॉट?" हेही विचारा. स्वतःच्या घरच्या मोठ्या बोर्डावरचे उरलेले स्लॉट गेली सहा वर्षं धूळ खात असले तरी विचारा.

"पेटंल की रे हे!" म्हणालात, तर मात्र मी गप्प बसेन. ती शंका खरी आहे. १४० वॅटचा प्रोसेसर एवढ्याशा पेटीत तापतोच, आणि कास्टिंगचं, म्हणजे धातूच्या ओतकामाचं, सिम्युलेशन लावलं की पंखा कोकलतो. पण मला ते सिम्युलेशन दिवसा उद्यमबागेत कारखान्यांच्या वस्तीत आणि रात्री घरी चालवायचं असतं. पेटी ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून नेतो. मोठं कॅबिनेट तुम्ही नेऊन दाखवा, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या गर्दीतून.

शेवटी, नुसतं बोलून भागत नसेल तर हात घाला. आमच्या मेव्हण्याने घातला. प्रोसेसरवरची थंडाव्याची पेस्ट बदलायला मी कूलर काढून ठेवला होता. फोन आला म्हणून गॅलरीत गेलो. आत येतो तर साहेबांनी खटका उघडून प्रोसेसर उचललेला आणि उलटा करून बघतायत. "दाजी, याला पिनाच नाहीत की!" पिना प्रोसेसरला नसतातच, त्या खाली सॉकेटात असतात. २०६६ पिना, केसासारख्या. तिथे धूळ दिसली म्हणून त्याने शर्टाच्या बाहीने पुसली. बाहीने!

संध्याकाळी चारातले दोनच रॅम दिसायला लागले. मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात धरून, सोनाराचं भिंग आणि शिवणाची सुई घेऊन मी रात्री दीडपर्यंत बसलो. तीन पिना आडव्या झाल्या होत्या. दोन उभ्या राहिल्या, तिसरी तुटली. आणि सकाळी चहा पिताना हा काय म्हणतो? "तरी मी म्हणालो होतो दाजी, छोटे बोर्ड टिकत नाहीत."

टिकत नाहीत? मोठ्या बोर्डातही त्याच २०६६ पिना असतात आणि तेवढ्याच बारीक असतात. तिथेही बाही फिरवलीस तर त्याही मोडतील. कळत नसेल तर विचारा ना! मी तासभर बसून सांगेन, चहा वर देईन. पण न विचारता दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या वस्तूत बोट घालायचं, मोडायचं आणि वर तिचीच खोट काढायची, ही कुठली रीत? माझं काम आता चाराऐवजी दोन चॅनेलवर रखडतंय आणि फाउंड्रीवाले रोज फोन करतायत. त्यांना काय सांगू, मेव्हणा आला होता?