‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज पंधरा दिवसांत मला चार ग्रुपवर आलाय, त्यात दोनदा एकाच दिरांकडून. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्या वेळी पोरांना डिप्रेशन बिप्रेशन नव्हतं, दोन धपाटे आणि मैदान एवढ्यावर सगळी सरळ व्हायची, आता पोर जरा रुसलं की आईबाप सायकॅट्रिस्टकडे पळतात, तो झोपेच्या गोळ्या देतो, जन्माचा शिक्का बसतो आणि हा सगळा शहरातल्या डॉक्टरांचा धंदा आहे. भाऊजी, राग मानू नका, पण एकेक बघू.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ होतं हो. मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने, म्हणजे आजच्या टिसने, मुलांसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक १९३७ सालीच सुरू केलं होतं. आणि गावात आठवून बघा, शाळा सोडून माजघरात बसून राहिलेला, कुणाशी न बोलणारा एकतरी मुलगा असायचाच, त्याला बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावायचे आणि पाहुणे आले की आत पाठवायचे.

‘दोन धपाटे.’ इथे माझंच सांगते. धाकटा सहावीत असताना दर सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणायचा, रविवारी संध्याकाळपासूनच गप्प. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, ओवा झाला आणि हो, धपाटेही झाले, माझ्याच हातचे. आठ महिने गेले यात. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या सायकॉलॉजिस्ट मॅडम त्याच्यासोबत खाली सतरंजीवर बसून सापशिडी खेळल्या, आम्ही बाकावर, मनात म्हणतोय एसटीने चार तास येऊन हे काय चाललंय, तेवढ्यात त्याची सोंगटी नव्वदच्या घरातून सापाने खाली आणली आणि तो हळूच म्हणाला, ‘आता सगळे हसणार.’ मॅडमनी खेळ थांबवला नाही, फासा टाकत टाकत विचारलं, कोण हसतं रे? वर्गात उभं राहून वाचताना अक्षरं अडायची आणि अख्खा वर्ग हसायचा. पुढे रीतसर टेस्ट झाल्या, डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशारी असूनही वाचणं-लिहिणं अडतं. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो हेही तिथेच कळलं. ते धपाटे मला अजून आठवतात, त्याला आठवत असतील का विचारायची हिंमत नाही.

‘झोपेच्या गोळ्या.’ माझ्या पोराला एकही गोळी दिली नाही, निम्मा वेळ तर मॅडम आम्हा दोघा नवराबायकोशीच बोलायच्या. काही मुलांना औषध लागतं हे खरंय. पण एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं, अति चळवळेपणा यासाठी, जे मिथाइलफेनिडेट देतात ते उलट तरतरी आणणाऱ्या जातीतलं, त्याने काहींची झोप उडते! आणि शॉक देतील म्हणून घाबरवणाऱ्यांसाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला पालकांची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय शॉक देताच येत नाही. ॲडमिट केलंच तर मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, सोबत घरचं किंवा नेमलेलं माणूस लागतं.

शिक्क्याचं म्हणाल तर माहिती गुप्त ठेवणं त्याच कायद्यात आहे. दवाखान्यातून कुणाला काही कळलं नाही, लग्नाच्या पंगतीत मात्र ‘हाच का तो डॉक्टरवाला’ म्हणणारी मावशी भेटली.

आता ‘रुसलं की पळतात’ आणि ‘शहरी धंदा’, यावर मला खरा राग येतो. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार दिसला, महानगरांत जास्त हे मान्य, पण खेड्यातही ६.९ होताच. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या असं एनसीआरबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाची, आकडेवारी सांगते आणि त्यात पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. पळतात म्हणे! कुठे पळणार? फक्त मुलांचं बघणारे सायकॅट्रिस्ट मोठी शहरं सोडली की शोधावे लागतात, आम्हाला तारीख अडीच महिन्यांनी मिळाली, पोचलो तर नंबर सत्तावन्न. ओरडायचं तर यावर ओरडा ना. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून मुलांचं सेंटर असतं, तिथे विचारा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट, मराठीत बोलता येतं. फॉरवर्ड करायचाच तर हा करा.

मैदानाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत, फक्त आमच्या शाळेच्या मैदानात आता स्कूलबस लागतात.

धाकटा सध्या आठवीत आहे. सोमवारी पोट दुखत नाही, गणिताच्या पेपरला दुखतं, पण ते खरंच ओव्याने थांबतं.