चार प्रती दिल्या नाहीत म्हणून कॉपीराइट जात नाही

“पुस्तक छापले की चार प्रती सरकारजमा करा, नाहीतर कॉपीराइट जाईल आणि तुरुंगवास होईल” हा मजकूर पंधरा दिवस मोबाइलवर फिरत होता. तो माझ्या आत्यापर्यंत पोचला आणि कवितासंग्रहाच्या 300 प्रती छापायला निघालेल्या त्या निवृत्त शिक्षिकेने तपासलेली मुद्रिते बासनात बांधून ठेवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला कॉपीराइटचा मुद्दा निव्वळ खोटा आणि सर्वांत घातक आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके देण्यासंबंधीचा 1954चा कायदा चार पानांचाही नाही. तो वाचण्याची तसदी घेतली असती, तर कॉपीराइट काढून घेणारे एकही कलम त्यात सापडले नसते. तो हक्क 1957च्या स्वतंत्र कायद्याने मिळतो, कविता कागदावर उतरताच मिळतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे टिकतो. त्याची नोंदणीसुद्धा ऐच्छिक आहे. आत्याच्या वहीत निळ्या शाईने खोडलेल्या ओळींवरही तिचाच हक्क आहे. मजकुराच्या शेवटी सहा हजार रुपयांत “कॉपीराइट वाचवून” देणाऱ्याचा फोन नंबर आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

तुरुंगवासही नाही. 1954च्या कायद्याच्या कलम 5मध्ये 50 रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत एवढेच आहे, तेही अधिकृत अधिकाऱ्याने तक्रार केली तर. बदल न करता काढलेल्या पुनर्मुद्रणाच्या प्रती पुन्हा द्याव्या लागत नाहीत. आणि प्रती जातात त्या ग्रंथालयांत: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय.

भार पडतो, हे मात्र नाइलाजाने मान्य करतो. प्रकाशनापासून 30 दिवसांत, स्वखर्चाने, त्यातही राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत उत्तम कागदावरची आणि बांधणीची द्यावी लागते. आत्याच्या दोनशे रुपयांच्या संग्रहाला हे जड नाही. रंगीत चित्रांच्या, दोन हजार किमतीच्या, मोजक्याच प्रती निघणाऱ्या ग्रंथाला मात्र ते टोचते. शिवाय लेखी पोच देणे कलम 4नुसार ग्रंथालयाला बंधनकारक असूनही, मी काढलेल्या एका पुस्तकाची एका ठिकाणची पोच अकरा महिने झाले तरी आलेली नाही. मजकूर लिहिणाऱ्याला ओरड करायचीच होती, तर ती याबद्दल करायची होती.