टाइमप्लीज

मंगळवारी रात्री मोबाइलवर लाल चौकट उगवली : 'विरोधी खेळाडूशी संगनमत केल्याबद्दल तुमचे वर्तन-गुण कमी करण्यात आले आहेत.'

माझं वय 53. बँकेत 29 वर्षं कॅश सांभाळली. दहा रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधला. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच; 'जिन्यात चपला ठेवू नयेत' ही पाटी माझ्याच अक्षरात आहे. आणि संगनमत केलं कोणी, तर मी!

या फंदात भाच्याने पाडलं. त्यांचा चौथा भिडू बारावीच्या क्लासमध्ये गडप झाला होता. "मामा, तू काही करू नकोस, फक्त आमच्या मागे पळ," एवढीच अट होती. गेमचं नाव घेत नाही. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, सापडेल ती बंदूक उचलतात, भोवतीचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी उरेल तो जिंकतो. आमच्या पार्किंगमध्येही रोज हेच चालतं, विमान तेवढं नसतं.

सुरुवातीलाच 'मला नियम मान्य आहेत' असं बटण आलं. न वाचता मान्य करायला ते काय लग्न होतं? मी चष्मा लावून सगळं वाचलं. तिघं पोरं लॉबीत चाळीस मिनिटं खोळंबली. अपशब्द नकोत, दुसऱ्याचं अकाउंट वापरू नये, खेळ अर्धवट सोडू नये, आपल्याच भिडूला मारू नये, शत्रूशी हातमिळवणी करू नये. वाचून मला भरून आलं. असे नियम आमच्या सर्वसाधारण सभेला असते तर!

आमच्या लहानपणी कायदा एका ओळीचा होता : रडीचा डाव, खडी. पण त्याला दोन सवलती होत्या. चपलेचा अंगठा तुटला किंवा आईची हाक आली, की मूठ ओठाला लावून 'टाइमप्लीज' म्हणायचं. पाठलाग करणाराही जागच्या जागी थबकायचा. दुसरी सवलत कच्च्या लिंबूची. कुणाचं तरी धाकटं भावंड खेळात असायचं, धावायचं, ओरडायचं, पण कधी आउट व्हायचं नाही. गेमच्या त्या लांबलचक नियमावलीत या दोन्हींचा पत्ता नव्हता. माझ्या गुन्हेगारीचं मूळ तिथेच आहे.

पहिला गुन्हा सिलिंडरचा. मी एका शेडमागे दबा धरून बसलो असताना दारात सिलिंडर आला. पैसे दिले, तर तो म्हणतो ओटीपी सांगा. ओटीपी कुठे आला? ज्या मोबाइलवर मी लढत होतो त्याच्यावरच. गेममधून बाहेर पडलो, आकडे वाचले, एक आकडा चुकला, पुन्हा वाचले. परत येतो तो माझा माणूस शेडमागे आडवा आणि मी 'एएफके' ठरलेला. म्हणजे कीबोर्ड सोडून गेलेला. मोबाइलला कीबोर्ड कुठला, ही माझी शंका कोणी ऐकून घेतली नाही. शंभरातले आठ गुण गेले.

मग खिडकीतून फेकलेला बॉम्ब चौकटीला आपटून आमच्याच तिघांच्या पायाशी परतला. गुण उरले 80. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या खेपेला मी तोंडही उघडलं नव्हतं. माइक चालू राहिला आणि स्वयंपाकघरातून आलेलं "अहो, त्या नालायकाने आजही पाणी सोडलं नाही!" हे वाक्य सगळ्या बेटाने ऐकलं. कुणीतरी ते स्वतःवर घेतलं. अपशब्दांचे नऊ गुण कापले गेले. माझ्या खात्यातून, हिच्या नव्हे.

खरे लबाड मात्र मोकाट. कुणाकडे भिंतीपलीकडचं दाखवणारी युक्ती, कुणाकडे आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर. 2018 साली शांघायला काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्याच गेमच्या स्पर्धेत आपल्याकडचाच एक खेळाडू असाच पकडला गेला, संघ बाद झाला, त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. त्या लबाडीच्या फाइलचं नाव काय असावं? 'वर्ड'! हे वाचून मीच थोडा ओशाळलो. कारण मॅनेजर आले की पत्त्यांच्या डावावर वर्डची खिडकी ओढायची, हे आमच्या शाखेत सर्वांनी केलेलं आहे.

तर मंगळवार. आमचे तिघे गारद होऊन माझ्या खांद्यावरून बघत होते. मेलेल्यांना तशी सोय असते. मी गवतात आडवा. समोर शेवटचा एक शत्रू, दहा पावलांवर. इतक्यात वॉचमनने बेल दाबली : "साहेब, टँकर आलाय, सही पाहिजे!" माझ्या तोंडून आपसूक, जिवाच्या आकांताने निघालं, "टाइमप्लीज!"

माइक सर्वांसाठी उघडा होता. समोरची बंदूक थांबली. तिकडून कोवळा आवाज आला, "घ्या काका. पण लवकर या, माझी बॅटरी सहा टक्के आहे."

मी सही करून जिने चढत आलो, तर तो पोरगा तिथेच जागच्या जागी उड्या मारत होता. एएफके ठरू नये म्हणून. चाळीस वर्षांनी कुणीतरी मला टाइमप्लीज दिली होती. घसा दाटला.

"एक, दोन, साडेमाडे तीन म्हणून सुरू करू या?" तो म्हणाला. मी हो म्हटलं. एक, दोन... तो 'साडे'लाच सुटला.

"रडी! रडी!" मी ओरडेपर्यंत पडद्यावर त्याच्या विजयाचे फटाके उडत होते. पाठोपाठ ती लाल चौकट. 61. शत्रूसमोर इतका वेळ गोळी न झाडता राहणं म्हणजे संगनमत, अशी तक्रार गेली होती. कोणी केली असेल?

"मीच केली," भाचा फोनवर म्हणाला. "मामा, रूल म्हणजे रूल. जिन्यातल्या माझ्या चपला तूच टाकून दिल्या होत्यास ना?"

झोपायच्या आधी एक फ्रेंड रिक्वेस्ट आली. त्या सहा टक्केवाल्याची. खाली लिहिलं होतं, 'काका, उद्या या. तुम्हाला कच्चा लिंबू धरतो.'

मी लगेच मान्य केलं. या वेळी काही वाचलं नाही.