विकतचे तारे आणि ‘सुरुवातीचा धक्का’

नवउद्योजकांना सल्ला म्हणून फिरणारा एक संदेश काल माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने ‘मामा, यात काही गैर नाही ना?’ असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. ‘सुरुवातीचा धक्का’ म्हणून पहिले शंभर रिव्ह्यू विकत घेणे ही फसवणूक नसून जाहिरातच आहे, माल वाईट असला तर तो पुढे आपोआप उघडा पडतो, ग्राहक सुज्ञ असतो आणि शेवटी सगळेच हे करतात, असे त्या संदेशाचे म्हणणे आहे.

जाहिरात विक्रेता करतो आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. रिव्ह्यूवर विश्वास बसतो तो लिहिणाऱ्याला विक्रीतून काही मिळत नाही म्हणूनच.

सर्वांत घातक मुद्दा आहे तो ‘आपोआप उघडा पडतो’ हा. शेरी हे, हॉलनबेक आणि प्रोसर्पिओ या संशोधकांनी फेसबुकच्या गटांतून अ‍ॅमेझॉनसाठी रिव्ह्यू विकत घेणाऱ्या विक्रेत्यांचा माग काढला, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की रिव्ह्यूंची खरेदी थांबताच ताऱ्यांची सरासरी घसरते व एक तारा देणाऱ्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे माल उघडा पडतो खरा, पण तो पैसे मोजून बसलेल्यांच्या जिवावर. माझ्या आत्याने असेच तारे पाहून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले. खोक्यात चिठ्ठी होती: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत मिळवा. त्या यंत्राने पाच मिनिटांत तीन आकडे दाखवले, १४२, ११८ आणि १६०; यांतला कोणता आकडा डॉक्टरांना सांगायचा, हे संदेश लिहिणाऱ्या महाशयांनीच सांगावे.

ग्राहकाच्या सुज्ञपणाबद्दल एवढेच, की २०१७ साली ऊबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतली शेड खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअ‍ॅडव्हायझर या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर लंडनचे पहिल्या क्रमांकाचे रेस्टॉरंट करून दाखवली, आणि तिथे टेबल मिळावे म्हणून लोक फोन करत होते. ‘सगळेच करतात’ याला तर उत्तर देण्याचीही गरज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते: एकही रिव्ह्यू नसलेल्या नव्या विक्रेत्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला अभिप्राय मागता येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला नियमसुद्धा मोबदल्यावर सरसकट बंदी घालत नाही. मोबदल्याला ‘चांगलेच लिहा’ अशी अट जोडण्यावर घालतो. भाचीनेही खोक्यात चिठ्ठी जरूर घालावी, फक्त तिच्यावर ताऱ्यांचा आकडा नसावा.