गोळ्या चालू आहेत म्हणूनच स्कॅन शांत आहे!

माझ्या धाकट्या भावाला किडनी बसवून तीन वर्षं झाली. काल रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, मग गोळ्या कमी करू का?" मेसेजचं सार असं : पेट स्कॅनमध्ये बसवलेली किडनी चमकली नाही, म्हणजे शरीराने ती 'आपली' मानली, मग गोळ्या बंद, बायॉप्सी (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासणं) बंद, क्रिएटिनिनही (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) बघायला नको. वर, इंजेक्शनमधली साखर म्हणे किडनीला ताकद देते.

आधी गोळ्या. या स्कॅनसाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली, ग्लुकोजसारखी साखर टोचतात. किडनीवर चालून आलेल्या पांढऱ्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात, म्हणून ती जागा चमकते. चमकली नाही तर त्या दिवशी हल्ला दिसला नाही, इतकंच. आणि हल्ला का नाही? प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस वेळेवर पोटात जातंय म्हणून! किडनी 'आपली' वगैरे काही होत नसते. तिच्या पेशींतला डीएनए दात्याचाच राहतो. १९५४ मध्ये बोस्टनला झालेलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण या औषधांशिवाय टिकलं, कारण दाता एकसारखा दिसणारा जुळा भाऊ होता. आमच्याकडे किडनी आईची आहे.

बायॉप्सीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. सुईने जेमतेम एकदोन बारीक तुकडे निघतात, स्कॅन अख्खी किडनी बघतो. बेल्जियममधल्या लिएजच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने बसवलेली किडनी नाकारल्याचा, संशय असलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती चमकलं तर संशय घ्यायचा, याची त्यांनी आखलेली जी रेषा, तिच्याखाली एकही रिजेक्शन निसटलं नाही. पण रिजेक्शन नसलेल्यांपैकीही निम्मे त्या रेषेच्या वर गेले! म्हणजे कोणाची सुई टळू शकेल हे कदाचित कळेल. चमकली तर कशाने, ते नाही. प्रतिकारशक्ती दबली की बसवलेल्या किडनीत डोकं वर काढणाऱ्या बीके विषाणूच्या संसर्गातही पांढऱ्या पेशी जमतातच. रिजेक्शनमध्ये औषध वाढवतात, बीकेमध्ये कमी करतात. अंदाज चुकला तर?

क्रिएटिनिन उशिरा वाढतं, खरंय. म्हणून बघणंच सोडायचं? किडनी गाळते किती, ते चमकेवरून कळत नाही.

साखरेची ताकद? ती पेशीत शिरून अडकून पडते, पुढे जळतच नाही. उरलेली लघवीवाटे बाहेर.

भावाला लगेच फोन केला. रात्रीची गोळी घेतलीस का, एवढंच विचारलं. घेतली होती.